पाणवठा बांधावा की तळ्याचा काठ राखावा?

पाझर तलावाच्या काठी रानमांजर, मुंगूस, घूस, चिचुंद्री यांचा संसार असतो. मराठवाड्यात पाणी आटलं की पक्षी उडून दुसरं तळं गाठतात, यांना तेवढं लांब जाता येत नाही. म्हणून गावाकडे थोडेच पैसे असतील, तर ते कुठे घालायचे हे नीट ठरवायला हवं.

सिमेंटचा बशीसारखा पाणवठा झटपट होतो. पण तो मे अखेरपर्यंत भरत राहावा लागतो, आणि २०१६ सारखं वर्ष आलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तसं, तर टँकर आधी माणसांकडेच वळणार. कडा उभ्या बांधल्या तर आत पडलेली चिचुंद्री वर येऊ शकत नाही. उतार ठेवा, आत खडबडीत दगड टाका. शिवाय उघड्यावरच्या पाण्याशी मोकाट कुत्री ठाण मांडतात.

काठ राखायचा म्हणजे गाळ काढताना एका अंगाचं पाणकणीस, लव्हाळा, बाभळी तशाच सोडायच्या. जीव जितका लहान, तितकं त्याच्या अंगातलं पाणी लवकर उडतं. उघडी ढेकळं दुपारी चटके देतात तेव्हा लव्हाळ्याच्या मुळाशी हात घालून बघा, माती गार लागते. बीळ तिथेच टिकतं. रानमांजर पिल्लंही अशाच दाटीत घालतं, आणि त्याला बरंचसं पाणी उंदरांच्या मांसातूनच मिळतं. उंदीर-घुशी वाढतील म्हणून काठ साफ करा म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

अडचण जागेची आहे. पाणी ओसरलं की तिथे गाळपेर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. कसणाऱ्याशी ग्रामसभेत आधीच बोलून घ्या. वाळलेलं पाणकणीस कुणी पेटवणार नाही, हेही तिथेच ठरवा. दुसरी अडचण पुराची. सप्टेंबर २०२५ सारखं पाणी आलं की काठची बिळं सगळ्यांत आधी बुडतात. काढलेल्या गाळातून तिथेच एक उंचवटा करा आणि झाडोरा शेताच्या बांधापर्यंत सलग राहू द्या.

माझा कौल काठाला. तलाव मार्चमध्येच कोरडा पडत असेल तरच पाणवठा बांधा, तोही वस्तीपासून लांब, झुडपांना लागून. काठाचं ठरलं तर जेसीबी यायच्या आदल्या दिवशी पट्ट्याभोवती चुन्याची रेघ मारा आणि चालकाला ती चालत जाऊन दाखवा.