बेळगावहून शेंगेन व्हिसा: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

लेक-जावई जर्मनीत, श्टुटगार्टला. नात झाली म्हणून आम्ही दोघं गेलो, मध्ये काही दिवस लंडनला भाच्याकडे जाऊन आलो, पुन्हा जर्मनीत राहिलो आणि बेळगावला परतलो. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, हातात पडल्या पडल्या लिहिणारे पुष्कळ आहेत. तो विमानतळांवर दाखवून, वापरून झाल्यावर काय कळलं ते सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही. आमच्या शहापूर-टिळकवाडीत आता कितीतरी घरांतली मुलं बाहेरदेशी आहेत आणि आईवडिलांचा अर्ज कुणीतरी तिसराच भरतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. व्हिसा उत्तम, प्रक्रियाही सरळ आहे. अट एवढीच की जाण्याचं कारण खरं लिहायचं आणि किती वेळा आत-बाहेर करायचं आहे ते अर्जातच मागून घ्यायचं.

सुरुवातीला गावातल्या एका एजंटकडे चौकशी केली. तो म्हणाला, "मॅडम, टुरिस्ट म्हणून टाकू, हॉटेलचं डमी बुकिंग मी देतो. जर्मनीची अपॉइंटमेंट लांबची आहे, दुसऱ्या देशाची लगेच मिळते, तिथली घेऊ." ऐकायला सोपं वाटतं, पण नियम स्पष्ट आहे: ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा, मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी उतरणार तिथे. आणि लेकीच्या घरी राहणाऱ्या माणसाने हॉटेलचं बुकिंग का जोडावं? बोटांचे ठसे आणि अर्जाची माहिती सगळ्या शेंगेन देशांना एकाच यंत्रणेत दिसते. एका देशाने नाकारलेला अर्ज दुसऱ्यालाही कळतो. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो आणि अर्ज घरी बसून स्वतः भरला. कारणाच्या रकान्यात 'कुटुंबाला भेट' लिहिलं.

त्यासाठी जावयांनी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र काढलं. फी २९ युरो. आमच्या राहण्या-खाण्याचा, गरज पडली तर औषधपाण्याचाही खर्च मी करीन असं त्यात ते सरकारला लिहून देतात. मूळ प्रत कुरिअरने मागवावी लागते, कारण काढल्यापासून सहा महिन्यांच्या आतलं मूळ पत्रच अर्जाला लागतं. ते परत मिळतं आणि प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवायचं असतं.

खरा वेळ गेला तो आपल्या भागातल्या कागदांवर. शेताचा उतारा कानडीत, यांच्या पेन्शनचा आदेश कानडीत, पतसंस्थेच्या ठेवीची पावती मराठीत. वकिलातीला कागद इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये लागतात. भाषांतर करून घेऊन मूळ कागदाच्या झेरॉक्सला जोडलं. शिवाय नावांचा घोळ. रेशनकार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी; कानडीतून इंग्रजीत आणताना कुणी आडनावाच्या शेवटी जादा 'ए' लावलेला; माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. सीमाभागात हे घरोघरी आहे. उपाय असा की अर्जात पासपोर्टवर आहे तेच आणि तसंच अक्षरन् अक्षर लिहायचं, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजीतलं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं. बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर 'बेळगावी' झालं, त्यामुळे जन्मस्थळ जुन्या पासपोर्टवर एक आणि नव्या दाखल्यावर दुसरं दिसतं. तिथेही पासपोर्टवरचंच लिहिलं, कुणी काही विचारलं नाही.

विम्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवं, एवढंच बघून लोक सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतात. यांना बीपी आणि शुगर आहे. आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते ओळ न् ओळ वाचूनच आम्ही पैसे भरले. साठीनंतरच्या माणसांनी इथे घाई करू नये.

ठसे द्यायला व्हिसा अर्ज केंद्रात स्वतः जावं लागतं. आपल्याला पुणे किंवा पणजी जवळ, पण पत्ता कर्नाटकातला. काही देश पत्त्यावरून केंद्र ठरवतात, काहींना कुठलंही चालतं, तेव्हा अपॉइंटमेंट घेण्याआधी त्या देशाच्या संकेतस्थळावर बघा. आम्ही बेंगळुरू घेतलं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचलो. गाडी लेट झाली तरी चालावं म्हणून वेळ दुपारची घेतली होती. व्हिसा फी माणशी ९० युरो, ती रुपयांत घेतात, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे त्या मुदतीतल्या पुढच्या अर्जाला सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. निर्णयाला साधारण १५ दिवस म्हणतात, पण ते ४५ पर्यंत वाढू शकतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर संक्रांतीलाच तयारीला लागा.

पासपोर्ट परत आला की पाकीट फोडून पेढे वाटण्याआधी स्टिकर वाचा. त्यावर तीन गोष्टी असतात आणि तिन्ही वेगळ्या. कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, आणि किती एन्ट्री. समजा 'पासून' १ मे आहे, 'पर्यंत' १३ ऑगस्ट आहे आणि दिवस ९० लिहिलेत. बघणाऱ्याला वाटतं, १३ ऑगस्टपर्यंत राहता येईल. तसं नाही. १ मेला उतरलात तर २९ जुलैला ९० दिवस संपले. वरचे १५ दिवस तारीख पुढे-मागे झाली तर सोय म्हणून दिलेले असतात. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. एन्ट्रीच्या जागी ०१ असेल तर एकदाच आत. अनेक वेळा असेल तर तिथे MULT (मल्ट) असं छापलेलं असतं.

हा मल्ट आम्हाला आपोआप मिळाला नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. तिकडे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. म्हणून ब्रिटनचा व्हिसा आधी काढला, त्याची प्रत जर्मनीच्या अर्जाला जोडली आणि पत्रात लंडनच्या तारखा लिहून दुसऱ्या प्रवेशाची गरज स्पष्ट मांडली. खानापूरच्या आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला एकाच एन्ट्रीचा व्हिसा मिळाला होता. मुलाने लंडनची तिकिटं काढून ठेवलेली, ती वाया गेली. इतकं वाईट वाटलं त्या बाईंना, की मी तेव्हाच ठरवलं, जो कुणी विचारेल त्याला ही गोष्ट आधी सांगायची.

प्रत्यक्ष वापरात व्हिसाने कुठे अडवलं नाही. फ्रँकफर्टला अधिकाऱ्याने कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट, एवढंच विचारलं. हमीपत्र पुढे केलं, त्याने पत्ता वाचला आणि शिक्का मारला. लंडनहून परत येताना मात्र तिथल्या अधिकाऱ्याने स्टिकरवरच्या एन्ट्रीच्या रकान्यावर बोट ठेवून नीट बघितलं. अर्जातलं कारण आणि तोंडचं उत्तर एकच असल्यामुळे इंग्रजी मोडकंतोडकं असूनही आम्ही निर्धास्त होतो. हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

नाराजी एकाच गोष्टीची. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हा हिशेब आजी-आजोबांना फार तोकडा पडतो. नात बसायला लागली आणि आम्हाला निघावं लागलं. पण तो काटेकोर पाळा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यात एक दिवस जास्त झाला तरी लगेच दिसतो.

नियम पाळण्याचा फायदाही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी अशी सोय आहे की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक एन्ट्रीचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. त्यासाठी पासपोर्टला तेवढी मुदत शिल्लक लागते. आमच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, म्हणून पुढच्या अर्जाआधी तो बेळगावातच, टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात, नवा करून घेणार आहोत. ३६ पानांचे १५०० रुपये. जुना रद्द होऊन परत मिळाला की तो जपून ठेवायचा, पहिला व्हिसा त्यातच आहे.