भिंतीवर कोणती पाटी: जुनी यूएस ढाल की इंटरस्टेट?

अमेरिकेत अँटिकच्या दुकानात शिरलात की रूट 66 या गाजलेल्या जुन्या महामार्गाची, ढालीच्या आकारातली '66' ची पाटी दिसणारच. बहुतेकदा ती नक्कल असते, गंजासकट. हा रस्ता 1985 मध्ये यूएस महामार्गांच्या यादीतून निघाला. त्याच्या पाट्या इतक्या चोरीला जातात की काही ठिकाणी ढाल थेट डांबरावरच रंगवलीय. तेव्हा 66 चा नाद सोडा. खरी निवड दोन प्रकारांत आहे.

पहिली, 1926 मध्ये यूएस महामार्गांना क्रमांक मिळाले तेव्हापासूनची ढाल. पोलादी पत्राच ढालीच्या आकारात कापलेला, पांढऱ्यावर काळं, वर राज्याचं नाव, आडवी रेघ, खाली 'यूएस' आणि क्रमांक. जुन्यांपैकी बऱ्याच पाट्यांवर अक्षरं ठोकून उठवलेली असतात. अशी पाटी उलटी करा: मागे तोच आकडा उलटा आणि खोलगट दिसायला हवा. मग बोल्टची भोकं बघा. वर्षानुवर्षं खांबावर राहिलेल्या पाटीला वॉशरचा गोल वळ असतो. सगळीकडे सारखा गंज आणि भोकांच्या कडा मात्र कोऱ्या? गंज आणलेला आहे. रस्त्यांवरच्या पाट्यांच्या 1961 च्या नियमावलीने या ढालीवरून राज्याचं नाव काढलं, त्यामुळे नाव असलेलीला भाव जास्त.

दुसरी, 1957 ची लाल-निळी इंटरस्टेट ढाल, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या द्रुतगती महामार्गांची. साधारण 24 इंची, बहुधा ॲल्युमिनियमची, मोठ्या खोलीत शोभणारी. दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च मारा, अक्षरं चमकून उठतात. पाहुण्यांना हे दाखवायला मजा येते. हिच्यावरही राज्याचं नाव असलेली शोधा. फक्त कॅलिफोर्नियाची असेल तर नावावरून वय ठरवू नका, तिथे ते आजही छापतात. यूएस ढालही तिथे अजून कापीव आकारातच बनते.

संग्रहच करायचा असेल आणि खिसा तयार असेल तर पहिली. घरात लावायला मी दुसरीच घेईन. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या घरी न्यायची असेल तर प्रश्नच नाही: खाऱ्या दमट हवेत पोलादी पत्रा टिकवणं म्हणजे कायमचं काम, ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही.

क्रमांक मात्र आपला घ्या. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहिलेल्यांना यूएस 1, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलवाल्यांना यूएस 101. ज्या रस्त्यावर ट्रॅफिकला शिव्या घातल्यात तोच.

पैसे देण्याआधी पाटी कुठून आली ते विचारा. खांबावरची पाटी सरकारी मालमत्ता असते. विकणारा सरकारी भंगाराच्या लिलावाची पावती दाखवत असेल तर उत्तम, नुसता डोळा मिचकावत असेल तर दुसरं दुकान बघा.