गच्चीवरचं वाफेचं इंजिन: गॅसवालं घ्यावं की स्पिरिटवालं?

परळचा एक मित्र विचारत होता, पहिलंच खऱ्या वाफेचं मॉडेल इंजिन घेतोय, सोसायटीच्या गच्चीवर चालवणार, गॅसवालं घेऊ का स्पिरिटवालं? माझ्याकडे दोन्ही आहेत म्हणून लिहितोय. कोळशावालं सध्या विसर, एवढुशा भट्टीत सारखा चिमूटचिमूट कोळसा टाकत बसायचं, गाडी बघणार कधी.

गॅसवाल्यात लायटरमध्ये भरतात तोच ब्युटेन लागतो. आधी वंगणाचं तेल, मग डिस्टिल्ड पाणी, गॅस सगळ्यात शेवटी. टाकी भरली की व्हॉल्वपाशी गॅस फस्सकन उडतो, बोटं गारठतात, आणि तो पूर्ण विरेपर्यंत लायटर खिशातच ठेवायचा. मग चिमणीच्या तोंडाशी ज्योत धरायची, भप्प करून आग आत बर्नरवर जाऊन बसते, पहिल्यांदा मी चांगलाच दचकलो होतो. इंग्लंडात थंडीत गॅसला प्रेशर येत नाही म्हणून टाकीभोवती कोमट पाणी ठेवतात, आपल्याकडे मे महिन्यात व्हॉल्व केसभर उघडला तरी बर्नर घोंघावतो आणि त्यात इंजिनाची छुकछुकच ऐकू येत नाही. गॅसवाल्यावर माझा राग एवढाच.

स्पिरिटवालं कसं, एकदम शांत, प्रत्येक ठोका ऐकू येतो. फ्रेंच पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट चालतं. पण वाफ धरेपर्यंत चिमणीवर बॅटरीचा छोटा पंखा बसवून आग ओढून घ्यावी लागते, त्यात गच्चीवरचा वारा ज्योतीला छळतो. आणि उन्हात ज्योत दिसतच नाही! माझ्याकडून एकदा स्पिरिट सांडलं, खाली जळतंय हे केबिनचा रंग फुगायला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून पाण्याची स्प्रे बाटली हाताशी, स्पिरिट पाण्यात मिसळतं त्यामुळे लगेच विझतं.

पांढऱ्या वाफेचे लोट दोन्हीत फारसे दिसत नाहीत, मुंबईची हवाच गरम, जानेवारीत पहाटे काढलंस तर थोडे दिसतील.

रूळ 32 मिमीचेच घे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते, 1:19 ला, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या एकोणिसाव्या हिश्श्याएवढं केलं की, ते बरोबर 32 मिमी भरतात. लोकलची ब्रॉडगेज 1676 मिमी, ती 1:32 ला 52 च्या वर जाते आणि तयार रूळ 45 चे, म्हणजे तिथे जमतच नाही.

गच्ची समुद्राच्या वाऱ्यावर उघडी असेल तर डोळे झाकून गॅसवालं, चारी बाजूंनी उंच कठडा असेल तर मात्र मी स्पिरिटकडे झुकेन. आणि चिमणीतून तेलकट पाणी उडतं बरं का, शेजारच्या काकूंनी पापड वाळत घातले असतील त्या दिवशी इंजिन बाहेर काढूच नकोस.