दिवा गेला, फेट राहिलं: प्रोजेक्टरवर दहावीचं भौतिकशास्त्र

प्रोजेक्टरचा दिवा गेला म्हणून हे लिहायला बसलोय. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी हायस्कुलात जूनपासून तो वापरतोय. लुमेन (उजेड किती), रिझोल्यूशन (चित्र किती बारीक) सगळं दुकानदार सांगतोच. दिव्याची वॉरंटी वेगळी आणि तासांवर मोजलेली असते, हे कोणी सांगत नाही. सर्व्हिसवाला बेळगावहून आला, जाळी काढली, "धूळ आहे की सर" म्हणाला आणि नव्या दिव्याचा असा आकडा सांगितला, की तेवढ्यात अख्ख्या वर्गाला खऱ्या बॅटऱ्या, वायरी, बल्ब आले असते. बिनधुळीची शाळा दाखवा म्हणावं एखादी!

फेटला मात्र पैकीच्या पैकी. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेले हे संगणकावरचे आभासी प्रयोग फुकट आहेत, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. 9 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचा रोध, अमीटरवर 0.90 अँपिअर. तसाच दुसरा रोध एकसरीत जोडला की 0.45. एका पोराने रोध काढून बॅटरीची दोन टोकं थेट वायरने जोडली. पडद्यावर ज्वाळा! "सर, आग लागली की!" शॉर्ट सर्किट पुन्हा शिकवावं लागलं नाही. (ती बॅटरी कधी उतरत नाही, हे तेवढं तोंडी सांगायचं.)

व्हिडिओंचं वेगळं. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणारी पोरं इंग्रजी निवेदनाला कंटाळायची. आता आवाज बंद करून मीच बोलतो. 1971 साली अपोलो 15 चे डेव्हिड स्कॉट चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडतात, दोन्ही बरोबरच टेकतात. त्याला निवेदन हवंय कशाला? शेजारच्या कन्नड शाळेतले सर तीच क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन गेले, फेटही कन्नडमध्ये लावतात.

दिवाळीपर्यंत विचारेल त्याला ‘प्रोजेक्टर घ्याच’ म्हणायचो. आता नाही म्हणणार. दिवा गेल्यावर लॅपटॉप स्टाफरूममधल्या टीव्हीला जोडला. चित्र लहान, मागच्या बाकांना पुढे सरकावं लागतं. पण खिडक्या उघड्या राहतात, पोरं बघता बघता वहीत आकृती काढतात; अंधारात नुसती बघत बसायची. एचडीएमआय वायर तेवढी लांब घ्या, आखूड घेतली तर लॅपटॉप मांडीवर येतो.

प्रोजेक्टर खोक्यात आहे. दिवा कुठे स्वस्तात मिळत असेल तर कळवा. तोही डुप्लिकेट नको.