कापसापुढे गप्प राहणारी काठी

काचबिंदूने माझी दृष्टी जाऊन आता सहा वर्षे झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होण्याआधीच उजवा डोळा गेला होता, निवृत्तीनंतर वर्षभरात डावाही गेला. आर्वी तालुक्यातील आमच्या गावात घराबाहेर पडले की कोणी ना कोणी हाताला धरतेच. खरी अडचण येते ती घरात आणि दवाखान्यात, कारण तिथे आपले आपण चालावे असे वाटते आणि छपराखाली उपग्रहाचे संकेत नीट पोहोचत नसल्यामुळे मोबाइलवरचा रस्ता सांगणारा नकाशाही तिथे हात टेकतो. म्हणून मागच्या दिवाळीनंतर, पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसणारे आणि समोर अडथळा आला की थरथरणारे एक उपकरण मी साडेतीन हजार रुपयांना मागवले. ते चार महिने रोज वापरल्यावर हे लिहीत आहे.

या जातीच्या उपकरणांपैकी आपल्याकडे सर्वांत परिचित म्हणजे ‘स्मार्टकेन’. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले आणि २०१४ मध्ये बाजारात आले. माझे उपकरण दुसऱ्या कंपनीचे आहे, तत्त्व मात्र तेच. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे, त्यांचा दोष कंपनीपेक्षा ध्वनीच्या स्वभावाकडे अधिक जातो.

उपकरणाच्या तोंडाशी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशा दोन गोल जाळ्या बोटाला लागतात. एका जाळीतून माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे चाळीस हजार कंपनांचा ध्वनी बाहेर पडतो आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी दुसरी जाळी टिपते. तीन मीटरवरच्या भिंतीवरून तो परत यायला सेकंदाचा सुमारे साठावा भाग पुरतो. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते आणि वस्तू जसजशी जवळ येते, तसतशी मुठीतली थरथर दाट होत जाते. बाजूला एक खटका असतो. बाहेर वापरताना तो लांबच्या पल्ल्यावर ठेवायचा आणि घरात जवळच्या, नाहीतर चारही भिंती एकाच वेळी बोलू लागतात.

साधी काठी जमिनीवरचे सगळे सांगते, पण कमरेच्या वरचे काहीच सांगत नाही. आमच्या ओसरीतील खिडकीचे तावदान आतल्या बाजूने उघडते आणि ते उघडे राहिले की भिंतीला धरून चालणाऱ्याच्या कपाळाच्या बरोबर उंचीवर येते. दोन वर्षांपूर्वी त्याची धार लागून भुवईवर तीन टाके पडले. या चार महिन्यांत ते तावदान मला एकदाही लागलेले नाही. सपरीत बियाण्यासाठी टांगलेली ज्वारीची कणसे, भिंतीला उभी करून ठेवलेली बाज, अंगणातून आत आणून लावलेल्या सायकलचे हँडल, या सगळ्यांची सूचना हात-दीड हात आधी मिळते. एवढ्यासाठीच पैसे वसूल झाले, असे मी कोणालाही सांगेन.

अर्धवट उघडे दार मात्र त्याला कळत नाही. तावदान अंगासमोर सरळ उभे असते, म्हणून त्याचा प्रतिध्वनी माझ्याकडे परत येतो. तिरकस राहिलेल्या गुळगुळीत फळीवरून तो दुसरीकडेच निघून जातो आणि मूठ शांत राहते. कपडे वाळत घालायच्या तारेचेही तेच, कारण तिच्यावरून परत येण्याजोगे फारसे काही उरतच नाही. त्यामुळे घरात आता नियम केला आहे की दार उघडे तर पूर्ण उघडे, नाहीतर पूर्ण बंद.

आमच्या भागात वापरणाऱ्याने सर्वाधिक जपावे ते कापसाला. सीतादहीची, म्हणजे वेचणीच्या आरंभीची शेतातली पूजा होऊन वेचणी सुरू झाली, की पहिल्या वेच्याचा कापूस भाव वाढेल या आशेने माजघराशेजारच्या खोलीत पडतो आणि संक्रांतीपर्यंत तो ढीग छातीएवढा होऊन दाराबाहेर ओघळू लागतो. डिसेंबरमधल्या एका दुपारी मी पाणी प्यायला निघालो. मूठ गप्प होती, काठीच्या टोकालाही काही लागले नाही, म्हणून निश्चिंतपणे पाऊल टाकले आणि गुडघ्यापर्यंत मऊ, उबदार कशात तरी शिरलो. मागून पुतण्या ओरडला, “मोठेबाबा, थांबा, कापूस हाय समोर!” भरड, मऊ वस्तू हा बारीक ध्वनी शोषून घेतात आणि कापसाइतकी मऊ वस्तू दुसरी कोणती असणार? त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी घरभर फिरून परीक्षा घेतली. धान्याच्या लोखंडी कोठीपुढे मूठ जोरात थरथरली, तुरीच्या पोत्यांपुढे जेमतेम, गाद्यांच्या चळतीपुढे कधी हो कधी नाही आणि कापसापुढे अगदी हात टेकेपर्यंत काहीच नाही. उपकरणासोबत आलेल्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. ज्याने ते लिहिले, त्याच्या घरात कापूस भरत नसावा.

दवाखान्यातला अनुभव वेगळा आहे. रक्तातील साखर तपासायला मी महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी जातो. केसपेपरच्या खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत लांब व्हरांडा आहे, त्यात दोन्हीकडे बाक, खाली बसलेल्या बाया, रांगणारी पोरे आणि मध्येच सोडलेले स्ट्रेचर. तिथे मूठ सतत थरथरत राहते आणि सतत मिळणारी सूचना ही सूचना उरत नाही. शिवाय माझा प्रश्न ‘समोर काही आहे का’ हा नसतोच, तो ‘सात नंबरची खोली कोणती’ हा असतो आणि त्याचे उत्तर या उपकरणाजवळ नाही. बार्सिलोनाच्या मेट्रोत ‘नॅव्हिलेन्स’चे रंगीत चौकोनी संकेत लावलेले आहेत, मोबाइलचा कॅमेरा नेमका न रोखताही ते दुरून वाचले जातात आणि आपण कुठे आहोत, हे फोन बोलून सांगतो. आमच्या दवाखान्यात खोलीचा नंबर दारावर तेलरंगाने लिहिलेला आहे. ‘बी माय आइज’ या अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल लावून अनोळखी स्वयंसेवकाकडून तो वाचून घेता येतो, पण व्हरांड्याच्या आतल्या टोकाला रेंजच नसते. मी अजूनही ड्रेसिंगच्या खोलीतल्या स्पिरिटच्या वासावरून तिसरे दार मोजतो.

चार्जिंग आठवडाभर पुरते, त्यामुळे वीज गेल्याने अडलेले नाही. वजन मात्र मनगटाला जाणवते आणि पहिल्या पंधरवड्यात हात दुखतो. नुकतीच दृष्टी गेलेल्या माणसाने आधी साधी काठी नीट शिकावी आणि मगच हे घ्यावे, कारण खड्डा, पायरी आणि उंबरठा आजही काठीचे टोकच सांगते.

कापसावर तोडगा आमच्या भावसुनेने काढला. तिने गुरांच्या कोठ्यातला टिनाचा एक पत्रा आणून त्या खोलीच्या दारात आडवा उभा केला आणि दुसऱ्या दिवसापासून मूठ तिथे बरोबर थरथरू लागली. फेब्रुवारीत कापूस गाडीवर चढला. पत्रा काढायचा कोणाच्या लक्षात आलेला नाही आणि मी रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीला वळसा घालून पाणी प्यायला जातो.