घरात कोणीच 'बंद कर' म्हणत नाही असा एकमेव रॉक अल्बम : 'कंदिसा'

आधीच सांगतो, मला संगीतातलं काही कळत नाही. सा कुठे संपतो आणि रे कुठे चालू होतो ते विचारू नका. मी काळ्या टीशर्टवाला माणूस, डीप पर्पल, आयर्न मेडन, मेटॅलिका असले दणदणीत परदेशी रॉक बँड ऐकणारा, २०११ ला मेटॅलिका बंगलोरला आले तेव्हा ऑफिसात आजारी असल्याचं कळवून गेलो होतो. आता चाळिशी ओलांडली, वाकडला टू बीएचके, घरात आई, बायको आणि सहावीतली मुलगी. त्यामुळे अल्बम चांगला की वाईट हे ठरवायची माझी पद्धत हल्ली बदललीय. रविवारी सकाळी हॉलमधल्या स्पीकरवर लावायचा आणि घड्याळ बघायचं, की पहिलं 'बंद कर रे ते' किती मिनिटांनी येतं. मेडन चार मिनिटं टिकतं. मेटॅलिकाला बायको दीड मिनिट देते, तेही ती बाथरूममध्ये असेल तर. मुलीचं ते कोरियन पॉप माझ्याकडून सव्वा मिनिटात बंद होतं, म्हणजे मीही काही साधू नाही.

या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेला एकच अल्बम आमच्या घरात आहे, इंडियन ओशनचा 'कंदिसा'. २००० साली आलेला. मी कॅसेट घेतली २००१ मध्ये, इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला, मेसचे पैसे वाचवून. तेव्हापासून कॅसेट, मग सीडी, मग मित्राच्या पेनड्राइव्हवरून कॉपी (पाप लागलं असेल, पण कॅसेट आणि सीडी दोन्हीचे पैसे मोजलेत) आणि आता मोबाइलवर, असा पंचवीस वर्षं ऐकतोय. म्हटलं आता लिहावं.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिल्लीचा बँड, १९९० चा. बऱ्याच लोकांना ते 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातल्या 'बंदे'मुळे माहीत असतात, पण त्याच्या आधीचा हा अल्बम. चार माणसं: सुस्मित सेन गिटार, राहुल राम बेस (खालच्या, जाड सुरांची गिटार), अमित किलम ड्रम्स आणि असीम चक्रवर्ती तबला. असीम तबला वाजवता वाजवताच गायचा. हे वाचायला सोपं वाटतं, करून बघा. हात टेबलावर कहरवा वाजवतायत आणि तोंडाने वेगळ्याच चालीचं गाणं, आणि तेही खालच्या पट्टीतून सुरू करून पार वर. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका फेस्टला बघितलं होतं त्यांना. बाकी सगळे उभे आणि हा मांडी घालून बसलेला, डोळे मिटून. माझ्या शेजारचा सीनियर, लांब केसवाला, स्वतः बँडमध्ये वाजवणारा, म्हणाला, 'हे काय रे, ड्रमसेट लावलेलं भजनी मंडळ आहे.' त्याने नाक मुरडून म्हटलं होतं. मला तेव्हाच पटलं, फक्त उलट बाजूने. आमच्या तळोद्याला काकड्याला जे भजन व्हायचं ते असंच, आधी एकजण डुलत डुलत, लोक अजून पेंगतायत, मग टाळ, मग मृदंग चढत जातो आणि शेवटी म्हातारे पण उभे राहतात. 'कंदिसा' हे गाणं नेमकं तसं चढतं. मेटलवाल्यांसारखी मुद्दाम फाटक्या आवाजाची गिटार कुठेच नाही, सुस्मितची गिटार बघायला गेलं तर सतारीसारखी एका सुराला धरून फिरत राहते, तरी शेवटी अंगावर काटा येतोच. मग रॉक म्हणायचं की नाही यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी घालावा, मी चहा घेतो.

'कंदिसा' म्हणजे काय तर केरळच्या सीरियन ख्रिश्चन लोकांची जुनी प्रार्थना, भाषा अरमाइक, म्हणजे येशू ख्रिस्त बोलायचा ती. अर्थ साधारण पवित्र, पवित्र असा. आईने एकदा विचारलं हे काय म्हणतायत, मी हे सगळं सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, 'मंग आरतीच आहे की.' विषय संपला.

पण आमच्या घरात हा अल्बम टिकला तो खरं तर 'मा रेवा'मुळे. रेवा म्हणजे नर्मदा. आम्ही तळोद्याचे, नंदुरबार जिल्हा, नर्मदा तशी सातपुड्याच्या पलीकडे पण आमच्याकडे परिक्रमा करून आलेलं कोणी ना कोणी प्रत्येक गल्लीत सापडतं आणि माझी आजी त्यातलीच. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी टेपरेकॉर्डरवर लावलं, 'रेवा' शब्द कानावर पडला आणि आजीने जिथे होती तिथे, तांदूळ निवडत, हातात खडा धरलेला, हात जोडले. 'नर्मदे हर.' खडा तसाच दोन तळव्यांच्या मध्ये. पुढची सहा-सात मिनिटं मग ती बेस, तबला सगळं ऐकत बसली. गाणं संपल्यावर म्हणाली, 'पुन्हा लाव.' रॉकच्या कॅसेटला आमच्या घरात 'पुन्हा लाव' हे पहिल्यांदा आणि शेवटचं.

आता यातली दुसरी बाजू मला बऱ्याच उशिरा कळली, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसलोय ते त्यासाठीच. राहुल रामने अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी केली आणि नंतर नर्मदा बचाव आंदोलनात काम केलं, हे गाणं तिथलं, खोऱ्यातलं लोकगीत. म्हणजे माझी आजी ज्याला हात जोडत होती आणि बँड ज्यासाठी गात होता ती नदी एकच, पण कारणं वेगळी. आणि मी दोन्हीच्या मधल्या गावात वाढूनही मला काही माहीत नव्हतं! सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. त्यातल्या बऱ्याच लोकांना आमच्या तळोदा तालुक्यात आणून बसवलं, सोमावल, रोझवा अशा वसाहती. त्या पोरांपैकी एकजण पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या बेंचवर होता. आम्ही त्याला 'वसाहतवाला' म्हणायचो, प्रेमानेच, पण म्हणायचो. तो एकदा म्हणाला होता की इथे रात्री झोप येत नाही, इथे आवाजच नाही. आम्ही हसलो होतो. डोंगरातल्या पोराला गावात आवाज कमी वाटतो म्हणून.

सुप्रीम कोर्टाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली ती ऑक्टोबर २००० मध्ये. अल्बमही २००० चाच. गाण्यात नदी निर्मळ, खळखळ वाहणारी, आणि त्याच वर्षी ठरलं की या पट्ट्यात ती वाहायची नाही, साचायची. हे कळल्यावर मी पहिल्यांदा ते गाणं हेडफोन लावून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या बसमध्ये ऐकलं. त्या दिवशी बस भूमकर चौकात पाऊण तास उभी होती. चार वेळा ऐकून झालं.

बाकी गाण्यांबद्दल पटापट. 'हिल्ले ले'चे शब्द गोरख पांडेचे, हिंदी-भोजपुरीतला चळवळीचा कवी, गाणं ऐकल्यावर पाय हलले नाहीत तर डॉक्टरला दाखवा. घरात जाळे काढायच्या दिवशी मी हे लावतो, झाडू आपोआप चालतो. 'कौन' रात्रीचं गाणं आहे, एसटीच्या खिडकीशी ऐकायचं. पुणे-शहादा गाडी धुळ्याच्या पुढे गेली की बाहेर काहीच दिसत नाही, तेव्हा वॉकमनवर हेच असायचं आणि सेल उतरायला लागले की असीमचा आवाज आणखीनच जड व्हायचा, मला बरेच दिवस ते मूळ गाणंच तसं आहे असं वाटत होतं. 'खजुराहो' मला पंचवीस वर्षांत आवडलेलं नाही. लांबलंय. दरवेळी वाटतं या वेळी कळेल, दरवेळी मध्येच मोबाइल बघायला लागतो. 'क्या मालूम' आणि 'लीव्हिंग होम' चांगली आहेत पण त्यांच्याबद्दल माझ्याकडे गोष्ट नाही.

नवीन ऐकणाऱ्यांना एक सूचना, शफलवर लावू नका. सातच गाणी आहेत, बसून ऐका. आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर तर अजिबात नको, बेस म्हणजे अर्धा अल्बम आहे आणि तोच गायब होतो. मी मागच्या दिवाळीत सेलमध्ये एक ब्लूटूथ स्पीकर घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, बॉक्सवर 'डीप बेस' लिहिलेलं, त्यावर तबल्याचा बायां चक्क पिठाचा डबा बडवल्यासारखा येतो. परत करायला गेलो तर म्हणे सेलमधला माल परत नाही. आता तो किचनमध्ये आईच्या हरिपाठासाठी आहे, तिथे उत्तम चालतो.

असीम २००९ मध्ये गेला, हार्ट अटॅकनंतर. त्याच्या जागी बँडला दोन माणसं घ्यावी लागली, एक तबल्याला आणि एक गायला. पुढे २०१३ ला सुस्मितही बाहेर पडला. बँड अजून वाजवतोय, नवीन मुलं चांगली आहेत, तक्रार नाही. पण तरी 'कंदिसा'वर ही चौघं एकमेकांना जशी जागा देतात, म्हणजे एकजण बोलतोय तर बाकीचे तिघं ऐकतायत असं जे वाटतं, ते मला दुसरीकडे फारसं सापडलं नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर नाहीच नाही.

मार्क पाचपैकी साडेचार, अर्धा 'खजुराहो'चा कापला.

गेल्या महिन्यात त्या बेंचवरच्या मित्राला 'मा रेवा'ची लिंक पाठवली. आता तो तिकडेच शिक्षक आहे. दोन दिवस नुसतं निळं टिक. मग व्हॉइस मेसेज आला, मागे कुठेतरी मोटर चालू, बहुतेक बोअरची. म्हणाला, 'गाणं भारी आहे भो. भाषा आमची नाही, मध्य प्रदेशातल्या निमाडकडची वाटते. पण हे लोक तिकडे येऊन गेलेले दिसतात.' मग थोडं थांबून, 'पाण्याचा आवाज टाकायला पाहिजे होता.'

जुनी कॅसेट अजून आहे, बी साइड थोडी कुरकुरते, पण प्लेअरचा बेल्ट गेलाय. पुण्यात अजून बेल्ट बदलून देणारा कोणी माहीत असेल तर कृपया सांगा, अप्पा बळवंत चौकात दोन ठिकाणी विचारून झालंय.