दोन माद्यांची 'ब्रीडिंग जोडी'

"ताई, चालू जोडी आहे, हे बघा," असं म्हणत पक्ष्यांच्या दुकानदाराने मडकं माझ्यापुढे धरलं. आत काथ्यावर चिंचोक्याएवढं पांढरं अंडं होतं. ते पाहिलं आणि मी 900 रुपये मोजून दिले. मी पुढे काहीच विचारलं नाही.

पक्षी बंगाली फिंच, पिंजऱ्यात पाळतात ते इवलेसे. एक चॉकलेटी ठिपक्यांचा, एक जवळजवळ पांढरा. चॉकलेटी तो नर आणि पांढरी ती मादी, असं त्याने छातीठोक सांगितलं. हे साफ खोटं होतं. या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, रंगावरून काहीही कळत नाही. झेब्रा फिंचमध्ये वयात आलेल्या नराचे नारिंगी गाल लांबूनही दिसतात, तशी एकही खूण इथे नसते. नर ओळखायचा तो गाण्यावरून. गळ्याची पिसं फुलवून, अंग ताठ करून, दांडीवर उड्या घेत तो बारीक किरकिरं गाणं म्हणतो. मादी नुसत्या हाका मारते, गात नाही. हे मला चार महिन्यांनी कळलं.

घरी आणल्यावर दोघी दिवसभर काथ्या ओढून मडक्यात नेत. मुलगी शाळेतून आली की आधी मडक्यात डोकावायची. एका सकाळी दोन अंडी, दुसऱ्या सकाळी चार. आम्हाला केवढा आनंद झाला! मादी दिवसाला एकच अंडं घालते, म्हणजे रोज दोन अंडी वाढत असतील तर घालणाऱ्या दोन आहेत, हा साधा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही. एकूण अकरा अंडी झाली. दोघी आळीपाळीने बसत, रात्री तर दोघी एकत्रच मडक्यात. बंगाली फिंचमध्ये नरही अंडी उबवतो, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

पिल्लं साधारण सोळा दिवसांत यायला हवी होती. मी बावीस दिवस थांबले आणि दुकानदाराला फोन केला. "थंडी आहे ताई. ती अंडी काढून टाका, लगेच दुसरी घालतील."

पैशांपेक्षा या सल्ल्याने माझं जास्त नुकसान केलं. मी अंडी काढली. पंधरवड्यात नवी दहा आली. तीही रिकामी निघाली, पुन्हा फोन, पुन्हा तोच सल्ला. प्रत्येक अंड्याच्या कवचाला लागणारा चुना मादीच्या अंगातूनच जातो, आणि माझ्या पिंजऱ्यात राळे आणि पाणी याखेरीज काही नव्हतं. चुन्यासाठी समुद्रफेस, म्हणजे पक्षी कुरतडतात तो सागरी प्राण्याच्या अंगातला पांढरा चुनखडीसारखा तुकडा, ठेवायचा असतो हेही दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी पांढरी खाली, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले, शेपटी श्वासागणिक हलत होती. पशुवैद्यांनी हात लावताच सांगितलं, अंडं अडकलंय. बल्बची ऊब दिली, औषध दिलं. रात्री अकराच्या सुमाराला ती गेली. मुलीला सकाळी कसं सांगितलं ते इथे लिहवत नाही.

दवाखान्यातच डॉक्टरांनी विचारलं होतं, "यातला गातो कोणता?" मी गप्प राहिले. कोणीच कधी गायलं नव्हतं.

दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "पक्ष्याची गॅरंटी नसते." पावती नव्हतीच.

म्हणून कळवळून सांगते, बंगाली फिंच घेताना अंडं दाखवलं तरी ते पुरावा धरू नका. पक्षी थोडा वेळ वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून पुन्हा दुसऱ्याजवळ सोडायला सांगा. नर असेल तर बहुधा लगेच गायला लागतो. गाणं स्वतः ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार घाई करू लागला तर परत फिरा. घरी अंडी आलीच, तर आठवड्याने अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तरी अंडी घाईने काढू नका. तिला बसू द्या, कंटाळून ती आपणच उठेल, म्हणजे लगेच पुन्हा घालणार नाही. समुद्रफेस पहिल्या दिवसापासून पिंजऱ्यात हवा.

चॉकलेटी अजून आमच्याकडे आहे. तिचं मडकं आणि काथ्या मी काढून टाकलाय. पक्षी घरी आणले त्या संध्याकाळी मुलीने केलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ परवा आवाज मोठा करून ऐकला. टर्र, टर्र अशा हाका आहेत. दोघींच्याही सारख्याच.